खूण की कारण? रक्ताच्या कॅन्सरचे उंदीर आणि परळची एक प्रयोगशाळा

‘टाटाला नेलंय’ एवढं आपल्या रत्नागिरीत कुणाबद्दल ऐकलं की पुढे काही विचारावं लागत नाही. आजार कोणता ते कळलेलं असतं. कोकणकन्येने नाहीतर रातराणी एसटीने मुंबई गाठायची, परळजवळ कुणाच्या तरी खोलीवर पथारी टाकायची आणि रांगेत उभं राहायचं, हे इथल्या किती घरांनी केलंय ते मोजायला नको. पण त्याच परळच्या आवारात, रांगेपासून फार लांब नाही अशा इमारतीत, कित्येक दशकं उंदीर पाळले जात होते. रांगेतली माणसं आणि पिंजऱ्यातले उंदीर यांचा संबंध काय, हा या लेखाचा विषय आहे.

तुमच्यापैकी बरेच जण नेट, सेट किंवा पेटची तयारी करताय. ट्रान्सजेनिक म्हणजे काय, नॉकआउट म्हणजे काय, क्रे-लॉक्स कसं चालतं, याच्या व्याख्या तुम्हाला पाठ असतील. त्या पाठच राहतात, कारण हे सगळं कुणाला, कधी आणि कशासाठी हवं झालं ते पुस्तकात नसतं. माझा स्वतःचा विषय रक्तपेशींचा आहे, म्हणून रक्ताच्या कॅन्सरच्या अंगाने सांगते. या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे: आजारी माणसाच्या पेशीत काहीतरी बिघडलेलं दिसलं, तर ती आजाराची नुसती खूण आहे की तेच आजाराचं कारण आहे? माणसाकडे कितीही बारकाईने बघितलं तरी, नुसतं बघून, या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कारण सिद्ध करायचं तर तो बिघाड मुद्दाम करून बघावा लागतो, आणि माणसात तो करता येत नाही.

आधी परळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक असं त्यांना म्हटलं जातं. त्यांच्या हाताखाली एक पुण्याची मुलगी काम करायला लागली. माहेरची कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं असं त्यांच्या मनात होतं. मुलीने दोन्ही केलं नाही. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम. एस्सी., आणि तिचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. लग्न केलं ते गणितज्ञाशी.

सीताफळापासून उंदरापर्यंतची उडी वाटते तेवढी मोठी नाही. गुणसूत्रं बघायची सवय झालेल्या डोळ्यांना ती कुणाची आहेत याने फारसा फरक पडत नाही. कमलताईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. विषय होता उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर. त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर, शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींपासून १९५१ साली ‘हीला’ ही जगप्रसिद्ध पेशीमाला तयार झाली ती याच गाय यांच्याकडे. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते. ही संस्था १९५२ ची, आणि खानोलकर तिचे पहिले संचालक.

या संस्थेने उंदरांचा स्वतःचा वाण तयार केला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ‘आयसीआरसी’. आता ‘वाण’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे, आणि रत्नागिरीकरांना ते समजावणं फार सोपं आहे. हापूसची कोय रुजवलीत तर हापूस मिळत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोयीतून येईल ते रायवळ, प्रत्येक झाड वेगळं. हापूस हवा तर कलम बांधायला लागतं. बागेतली शंभर कलमं एकसारखी आहेत म्हणूनच एका कलमाला वेगळं खत घालून फरक पडला का, ते कळू शकतं. शंभर रायवळ झाडांवर हाच प्रयोग करा, काही कळणार नाही. फरक खताचा की झाडाचा?

उंदराचं कलम बांधता येत नाही. म्हणून सख्ख्या भावंडांची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतल्या भावंडांची पुन्हा जोडी लावायची, असं सलग निदान वीस पिढ्या करायचं. वीस पिढ्यांनंतर त्या वाणातले उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळपास जुळ्यांसारखे होतात. यालाच इनब्रेड स्ट्रेन म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी हे काम सुरू केलं, आणि १९२९ साली त्यांनी जॅक्सन लॅबोरेटरी काढली. तिथे लगेच दिसलं की काही वाणांना विशिष्ट कॅन्सर हमखास होतो, काहींना जवळजवळ होतच नाही. म्हणजे कॅन्सर जनुकांत आहे, असं म्हणून मोकळं व्हायचं? त्याच प्रयोगशाळेतल्या जॉन बिटनर यांनी १९३६ साली त्यात मोडता घातला. स्तनाच्या कॅन्सरच्या वाणातली नवजात पिल्लं दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली, तर त्यांच्यातला कॅन्सर खूपच कमी झाला. जे रक्तातून येतंय असं वाटत होतं ते दुधातून येत होतं. पुढे कळलं की तो एक विषाणू होता.

कमलताईंचं काम या गुंत्यातलं होतं: वाण, संप्रेरकं आणि विषाणू, यांपैकी कुणाचा वाटा किती. त्यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरबरोबर ल्युकेमिया आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठीही प्राण्यांमधली प्रारूपं तयार केली. आयसीआरसी वाणात तर अन्ननलिका जन्मजात रुंदावण्याचा एक दोषही सापडला, त्यावर १९८० च्या दशकाच्या शेवटी निबंध निघाले. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या, १९७३ साली इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन उभारणाऱ्यांत होत्या, १९८२ साली पद्मभूषण मिळालं.

इथे एक आगाऊ सूचना. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलने त्यांचं डूडल केलं तेव्हा सगळीकडे फिरलं की स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी सर्वांत आधी ओळखला. अशी ‘पहिली’ वाक्यं जपून घ्या. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या घराण्यातल्या कॅन्सरची नोंद १८६६ सालीच केली होती, आणि लिटलचे वाण तर समोर होतेच. कमलताईंचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. आयते प्रश्न आणि आयते उंदीर बाहेरून मागवून काम भागवता आलं असतं, तेव्हा त्यांनी परळमध्ये स्वतःची जनावरं, स्वतःच्या पेशी आणि त्या हाताळणारी माणसं तयार केली. हे काम निबंधात दोन ओळींत मावतं, करायला वीस वर्षं लागतात.

पण वाणाची एक मर्यादा होती. उंदराला कॅन्सर होतो हे दिसायचं, पण त्याच्या हजारो जनुकांपैकी नेमकं कोण दोषी ते कळायचं नाही. हापूस गोड आहे हे कळतं, कोणत्या जनुकामुळे ते कलम बांधून कळत नाही, तसंच.

ल्युकेमियाच्या बाबतीत तर सुरुवातीला गाडी भलत्याच रुळावर गेली. अमेरिकेत एकेआर नावाचा वाण होता, त्यातल्या बहुतेक उंदरांना ल्युकेमिया व्हायचा. १९५१ साली लुडविक ग्रॉस यांनी या उंदरांच्या ल्युकेमियाचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या, सहसा ल्युकेमिया न होणाऱ्या वाणाच्या नवजात पिल्लांना टोचला, आणि त्यांनाही ल्युकेमिया झाला. म्हणजे विषाणू! आधी कुणी विश्वास ठेवला नाही, मग सगळ्यांनी ठेवला, आणि पुढची वीसेक वर्षं माणसाच्या ल्युकेमियाचा विषाणू शोधण्यात गेली. १९८० साली रॉबर्ट गॅलो यांच्या गटाला एक सापडलाही, एचटीएलव्ही-१. पण तो एका विशिष्ट, दुर्मीळ प्रकाराचा. माणसाच्या बहुतेक ल्युकेमियांमागे असा विषाणू नाहीच. उंदराने खोटं सांगितलं नव्हतं, त्याने उंदराबद्दलचं खरं सांगितलं होतं. हा फरक तुमच्या पुढच्या आयुष्यात फार वेळा उपयोगी पडेल.

मधल्या काळात माणसाच्या पेशींकडे बघणारे लोक वेगळ्याच वाटेने चालले होते. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल ल्युकेमियाच्या पेशी काचपट्टीवर घेत असताना त्या नळाच्या पाण्याने धुतल्या गेल्या, पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं छान सुटी पसरली. डेव्हिड हंगरफोर्ड यांना सोबत घेऊन त्यांनी ती मोजायला सुरुवात केली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या, रुग्णांमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड होतं. सालं १९६०. ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ ते हेच. शिकागोत जॅनेट रौली यांनी १९७३ साली दाखवलं की तुकडा हरवलेला नाही, २२ व्या गुणसूत्राचा तुकडा ९ व्याला जोडला गेलाय. नंतर लक्षात आलं की ही अदलाबदल दुतर्फा आहे. ९ व्यावरचं एबीएल हे जनुक २२ व्यावरच्या बीसीआरला जाऊन चिकटतं आणि दोन्हींचं मिळून एक नवं, कधीच न थांबणारं एन्झाइम तयार होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एवढं सगळं माहीत झालं होतं.

आता तुम्हीच सांगा, एवढ्यावर कारण सिद्ध झालं का? नाही झालं. कॅन्सरच्या पेशीत गुणसूत्रांची मोडतोड भरपूर असते. वादळात घर पडलं आणि अंगणात मोडकी फांदी दिसली, म्हणून घर फांदीनेच पाडलं असं म्हणता येत नाही. फांदी निरोगी घरावर टाकून बघायला हवी.

ती टाकायची सोय याच दशकात झाली. रुडॉल्फ येनिश आणि बिआट्रिस मिंट्झ यांनी १९७४ साली उंदराच्या सुरुवातीच्या गर्भात बाहेरचा डीएनए घातला होता. १९८० च्या आसपास फलित अंडपेशीतल्या केंद्रकात बारीक सुईने डीएनए टोचायचं तंत्र बसलं. टोचलेली अंडी मादीच्या गर्भाशयात ठेवायची, जन्मलेल्या पिल्लांपैकी थोड्यांच्या गुणसूत्रांत तो डीएनए कायमचा बसलेला असतो, आणि मग तो पिढ्यानपिढ्या उतरतो. १९८२ साली रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी या तंत्राने वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घालून नेहमीपेक्षा बरेच मोठे उंदीर करून दाखवले. त्यांचा फोटो तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिला असेल. त्या फोटोमुळे एक गोष्ट झाकली जाते: जनुक घालणं हे अर्धंच काम आहे. ते कोणत्या पेशीत चालू व्हावं हे ठरवता आलं नाही, तर रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याचा उपयोग नाही.

ते ठरवलं मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये जेरी अॅडम्स आणि सूझन कोरी यांच्या गटाने. बर्किट लिम्फोमा या कॅन्सरमध्ये ८ व्या गुणसूत्रावरचं मिक हे जनुक १४ व्यावर, प्रतिपिंड बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी जाऊन पडतं. बी-पेशीत प्रतिपिंडाचं जनुक सतत जोरात चालू असतं. मिक त्याच्या शेजारी गेल्यावर तेही जोरात चालू राहतं. मेलबर्नच्या लोकांनी हीच जोडणी बनवली: प्रतिपिंड-जनुकाचा वर्धक, म्हणजे एनहान्सर, आणि त्याला जोडलेलं मिक. १९८५ साली ते ‘ईम्यू-मिक’ उंदीर जगासमोर आले. त्यातल्या बहुतेकांना काही महिन्यांतच बी-पेशींचा लिम्फोमा झाला. फांदी टाकली आणि घर पडलं.

पण या निबंधातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट ही नव्हेच. नीट विचार करा. या उंदराच्या प्रत्येक बी-पेशीत मिक चालू आहे, तेही जन्माआधीपासून. मिक एकटं पुरेसं असतं तर सगळ्या बी-पेशी एकदम कॅन्सरच्या व्हायला हव्या होत्या. तसं होत नव्हतं. सुरुवातीला नुसती बी-पेशींची गर्दी वाढायची, उंदीर ठीक असायचा, आणि कधीतरी एकाएकी गाठ यायची. गाठीतल्या पेशींच्या प्रतिपिंड-जनुकांची जुळणी तपासली तर ती सगळ्यांची एकच. प्रत्येक बी-पेशी ही जुळणी आपापली, वेगळी करते, म्हणून ती पेशीच्या आधार कार्डासारखी असते. सगळ्या गाठीचं आधार कार्ड एकच, म्हणजे सगळी गाठ एकाच पेशीची प्रजा. कोट्यवधी पेशींत मिक असताना एकच का सुटली? तिच्यात आणखी काहीतरी बिघडलं म्हणून. एका घावाने कॅन्सर होत नाही ही गोष्ट लोक तर्काने सांगत आलेच होते, इथे ती एका पिंजऱ्यात दिसली.

दुसरा घाव कोणता असू शकतो तेही याच संस्थेत कळलं. फॉलिक्युलर लिम्फोमात बीसीएल-२ हे जनुक असंच जागा सोडून प्रतिपिंड-जनुकाशेजारी जातं. १९८८ साली डेव्हिड वॉक्स यांनी तिथे दाखवलं की बीसीएल-२ पेशींना वाढायला लावत नाही, मरू देत नाही. मग मिकचा उंदीर आणि बीसीएल-२ चा उंदीर यांचा संकर केला. १९९० साली आंद्रेआस स्ट्रासर यांनी लिहिलं की अशा पिल्लांना कॅन्सर कितीतरी लवकर होतो. एक जनुक पेशीला पळवतं, दुसरं तिला मरू देत नाही, आणि दोघं मिळून घात करतात. बीसीएल-२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. मधली २६ वर्षं मोजून ठेवा. ‘मूलभूत संशोधनाचा उपयोग काय’ असं मुलाखतीत विचारलं तर हा हिशेब कामाला येतो.

आता पुन्हा फिलाडेल्फिया गुणसूत्राकडे येऊ. १९९० साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज डेली आणि रिचर्ड व्हॅन एटन यांनी अंड्यात सुई टोचली नाही. त्यांनी, आपल्या भाषेत, कलम बांधलं. उंदराची अस्थिमज्जा काढली, तिच्या पेशींत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बीसीआर-एबीएल घातलं, दुसऱ्या उंदराची मज्जा किरणोत्साराने मारली आणि ही बदललेली मज्जा त्याच्यात भरली. खुंट एकाचा, डोळकाडी दुसऱ्याची. या उंदरांना रक्ताचे निरनिराळे कॅन्सर झाले, आणि त्यांत ठळक होता तो माणसाच्या सीएमएलसारखा आजार: पांढऱ्या पेशींचा पूर, प्लीहा सुजलेली. त्याच वर्षी नोरा हाइस्टरकँप आणि जॉन ग्रोफेन यांच्या गटाने बीसीआर-एबीएलच्या जरा आखूड रूपाचे ट्रान्सजेनिक उंदीर केले, त्यांना तीव्र ल्युकेमिया झाला. तीस वर्षं जी खूण होती ती आता कारण ठरली.

या फरकाची किंमत कुणी मोजली आणि कुणाला मिळाली तेही बघा. बिघाड नुसती खूण असेल, तर त्याला अडवणारं औषध बनवणं म्हणजे पैसे पाण्यात. तो कारण असेल, तर जुगार खेळण्यासारखा आहे. ब्रायन ड्रकर यांनी निकोलस लायडन यांच्या रसायनावर काम केलं, १९९८ साली माणसांवर चाचणी सुरू झाली. २००१ साली आलेल्या निष्कर्षांत रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्वपदावर आलं होतं. हे औषध म्हणजे इमॅटिनिब. नंतर काहींचा आजार उलटला, आणि त्यांच्या पेशी तपासल्यावर दिसलं की बीसीआर-एबीएलनेच स्वतःचा आकार बदलून औषधाला चुकवलं होतं. कॅन्सर दुसरा रस्ता न शोधता तोच रस्ता दुरुस्त करतो, यापेक्षा कारणाचा मोठा पुरावा कोणता?

आपल्याकडे या औषधाची गोष्ट कोर्टात गेली. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आसपास. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. सीएमएलचा रुग्ण घरी राहून, रोज गोळी घेऊन, वर्षानुवर्षं जगू शकतो ही गोष्ट रत्नागिरीसारख्या ठिकाणी खरी होण्यात बॉस्टनच्या उंदरांइतकाच दिल्लीच्या त्या निकालाचा हात आहे.

मात्र ‘जनुक घाला, कॅन्सर मिळवा’ असं प्रत्येक वेळी होत नाही. रौली यांनीच आधी शोधलेली दुसरी अदलाबदल ८ आणि २१ या गुणसूत्रांमधली. तिच्यातून एएमएल१-ईटीओ हे जोड-जनुक तयार होतं आणि ते तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या कितीतरी रुग्णांत सापडतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते उंदराच्या जनुकसंचात त्याच्या मूळ जागीच बसवून बघितलं. पिल्लं जन्मलीच नाहीत. गर्भ अर्ध्यावर मेले, कारण रक्त तयारच होईना. ल्युकेमिया व्हायला आधी रक्त तर हवं!

क्रे-लॉक्सची गरज इथे कळते. जनुकाच्या आजूबाजूला ‘लॉक्स’ या खुणा ठेवायच्या, आणि क्रे ही कात्री जिथे व जेव्हा हवी तिथेच चालू करायची. क्लाउस रायेव्स्की यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या मध्यात ही युक्ती उंदरांत बसवली. त्यातला एक प्रकार असा की इंजेक्शन दिल्यावरच मज्जेत कात्री चालू होते, म्हणजे उंदीर आधी धडधाकट मोठा होऊ द्यायचा. असे एएमएल१-ईटीओचे प्रौढ उंदीर मग तयार झाले, आणि तरीही त्यांना आपणहून ल्युकेमिया झाला नाही. उत्परिवर्तन घडवणारं रसायन दिल्यावर झाला. हे अपयश वाटेल, पण नाही. त्याच सुमारास माणसांत दिसलं की ल्युकेमिया झालेल्या काही मुलांच्या जन्मावेळी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात हीच अदलाबदल आधीपासून होती. मूल जन्मतः ती घेऊन आलं आणि आजार वर्षांनी झाला. निरोगी प्रौढांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचे अगदी पुसट अंश सापडलेले आहेत. म्हणजे ‘कारण’ या शब्दाचेही थर आहेत: कोणत्या पेशीत, कधी, आणि सोबत कोण.

मर्यादाही सांगायला हव्यात. उंदराच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त, आपल्यात न्यूट्रोफिल जास्त. उंदराची प्लीहा आयुष्यभर रक्त बनवते, आपली प्रौढपणी बनवत नाही. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, आपले ल्युकेमिया कधी कधी त्याहून जास्त वर्षं मुरत असतात. म्हणून दुसरी वाट निघाली: प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घ्यायचा आणि त्याच्यात माणसाच्याच ल्युकेमियाच्या पेशी वाढवायच्या. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ साली अशा उंदरांत दाखवलं की ल्युकेमियाच्या सगळ्या पेशी आजार पुढे नेऊ शकत नाहीत, अगदी थोड्या नेतात. इथे उंदीर आता रोगी राहिला नाही, माणसाच्या पेशींची कुंडी झाला.

या कुंडीतून एक गोष्ट थेट आपल्या दारात आली. पवईच्या आयआयटीतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून बी-पेशींच्या कॅन्सरवर कार-टी उपचार तयार केला. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, कॅन्सर ओळखणारं जनुक त्यांत घालायचं आणि परत द्यायच्या. आधी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांतल्या मानवी ल्युकेमियावर तो तपासला, २०२१ साली खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने मंजुरी मिळाली. अॅक्ट्रेक म्हणजे परळची तीच जुनी संशोधन संस्था, २००२ साली खाडीपलीकडे गेलेली. तिथल्या प्राणिगृहात आज ट्रान्सजेनिक आणि नॉकआउट उंदीरही आहेत.

पण कार-टीचा सर्वांत भयंकर दुष्परिणाम, सगळ्या शरीरात उसळणारं सायटोकाइनचं वादळ, या कुंडीतल्या उंदरांनी आधी सांगितलं नव्हतं. ते परदेशात पहिल्या रुग्णांत दिसलं. नंतर लोक परत उंदराकडे गेले, त्याची रचना बदलली, आणि २०१८ साली दोन गटांनी दाखवलं की वादळाचा मोठा भाग कार-टी पेशींतून येत नाही, आसपासच्या मॅक्रोफेज आणि मोनोसाइट पेशींतून येतो. ज्या उंदरात या पेशी नीट काम करत नव्हत्या त्यात वादळ दिसणारच कसं?

तेव्हा उंदरावरचा निबंध हातात घ्याल तेव्हा गोषवारा बाजूला ठेवून थेट पद्धतीच्या भागात जा. वाण कोणता, जनुक कोणत्या वर्धकाखाली, कोणत्या पेशीत, कोणत्या वयात चालू झालं, किती उंदरांना आजार झाला आणि किती दिवसांनी, गाठ एका पेशीची की अनेक, आणि या उंदरात मुळातच काय नाही, ते शोधा. ज्या उंदरांना आजार झाला नाही त्यांचा आकडा बहुतेक वेळा आलेखाच्या उजव्या टोकाला, सपाट रेषेत असतो. मी हल्ली वाचायला तिथूनच सुरुवात करते. प्राण्यांवरच्या कामासाठी संस्थेच्या नैतिकता समितीपुढे अर्ज करावा लागतो, आणि त्यात उंदीर किती लागतील व का, हे लिहावं लागतं. पीएचडीच्या आराखड्यात ती संख्या अंदाजे टाकू नका. मुलाखतीत नेमकी तीच विचारतात.

पुढच्या लेखात क्रिस्परने हे सगळं किती झपाट्याने होऊ लागलं ते बघू. तोवर ज्यांना जमेल त्यांनी १९८५ चा ईम्यू-मिकचा निबंध मिळवून वाचा. फक्त सहा पानं आहेत.